पाच मणी सापडेनात

वाचकाचं पत्र, थोडं आखडून:

"ताई, मी फोंडा तालुक्यातल्या एका गावात राहते. वय 51, नोकरी पणजीला. गेल्या मार्गशीर्षात सासूबाई गेल्या. गोव्यातल्या पर्तगाळी मठाला 2025 मध्ये 550 वर्षं झाली, त्या निमित्ताने 550 कोटी रामनामाचा संकल्प झाला होता. त्यात मांय, म्हणजे सासूबाई, रोज जप करायच्या. त्यांची तुळशीची माळ आणि आकडे लिहिलेली वही देवघरातल्या डब्यात होती, ती मी घेतली. संध्याकाळी कामावरून आले की बाल्कांवात, दारापुढच्या ओसरीत, बसून 'श्रीराम जय राम जय जय राम' म्हणत माळ ओढते. मांयच्या वहीत रोज 8 माळा, कधी 6, अगदी शेवटच्या महिन्यात 2, 1, एकदा तर 'अर्धी'. माझी एकही धड होत नाही. मेरूमणी, म्हणजे माळ जिथे संपते तो मोठा मणी, येतो तेव्हा मोजणी कधी 96 भरते, कधी 113. मन बाजारात फिरून येतं.

यंदा आषाढी एकादशीला तीन माळा करायचं ठरवलं आणि तिसऱ्या माळेत, मेरूपाशीच, दोरा तुटला. मणी पायऱ्यांवरून अंगणात, तेही पावसात. शेजारच्या आंटी टॉर्च घेऊन धावून आल्या. मेरूमणी मिळाला आणि 103 मणी मिळाले. पाच मिळालेच नाहीत. थोरल्या जाऊबाई त्याच घरात, पण चूल वेगळी. त्या म्हणाल्या, एकादशीला माळ तुटली म्हणजे मांयचं मन त्यात अडकलेलं आहे, आणि मासळी खाणाऱ्या हातात तुळशीची माळ धरली तर असंच व्हायचं. त्या रोज देवाला अबोलीची फाती, म्हणजे फुलांची वेणी, वळतात. त्यांचा हात शुद्ध आणि माझा नाही, असं मलाच वाटू लागलंय. एकाने फोनवर 'सिद्ध केलेली' माळ दाखवली आहे, 5,100 रुपये. ती घेऊ? जुनीचं विसर्जन करू? की हा नादच सोडू?"

---

आधी दोऱ्याचं बघू, कारण तुमची बाकीची सगळी भीती त्याच दोऱ्याला लटकली आहे.

मांय रोज 8 माळा ओढायच्या. म्हणजे दिवसाला 864 मणी, वर्षाला तीन लाखांच्या वर. लाकडी मण्याला भोक पाडलं की त्याची कड बारीक करवतीसारखी राहते, आणि मणी पुढे सरकताना ती कड दोऱ्यावरून घासून जाते. तीन लाख वेळा. वर आपला जुलै. गोव्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पापड डब्यातल्या डब्यात मऊ होतात, आगपेटी पेटत नाही, कपाटातल्या साड्यांना वास येतो. मग सुती दोराच तेवढा कोरडा कसा राहील? हवेतलं पाणी तो पितो, शिवाय बोटांचा घाम पितो. मेरूपाशी गाठ असते आणि माळ उलटी फिरवताना सगळा ताण तिथेच येतो. आमच्या घरातल्या माळा जेव्हा जेव्हा तुटल्या तेव्हा मेरूच्या दोन-चार मण्यांच्या आतच तुटल्या. तुमचीही तिथेच तुटली. एकादशी म्हणून एरवीपेक्षा जास्त ओढली, म्हणून त्याच दिवशी तुटली. शनिवारी तीन ओढल्या असत्या तर शनिवारी तुटली असती.

माझे वडील साखळी गावचे. त्यांची रुद्राक्षाची माळ माझ्या आठवणीत तीनदा तुटली. एकदा तर घर पाहुण्यांनी भरलेलं, एक मणी कोणाच्या तरी चहाच्या बशीत जाऊन पडला. वडिलांनी मणी गोळा केले, सदऱ्याच्या खिशात टाकले, "ओंवूंक जाय" एवढंच म्हणाले आणि राहिलेला जप बोटांवर पुरा केला. ओवायची म्हणजे ओवायची. शांती नाही, कौल नाही. कौलप्रसाद मानणारं, देवाला विचारल्याशिवाय विहीर न खणणारं आमचं घर, तरी माळेच्या दोऱ्यासाठी कोणी देवाला तसदी दिली नाही. वापरातली माळ तुटते. डब्यात पडून राहिलेली तुटत नाही, तिला फक्त बुरशी येते.

दुसऱ्याची माळ वापरू नये असं म्हणतात, ते तुमच्या कानावर आलं असेल किंवा येईल. ते जिवंत माणसांबद्दल आहे, आपला टॉवेल आपण वेगळा ठेवतो तसं. मागे राहिलेल्या माणसाने माळ पुढे चालवू नये असं मी तरी आमच्याकडे कधी पाळलेलं पाहिलं नाही. तुमचा कुणी गुरू असेल, अनुग्रह घेतलेला असेल, तर त्यांच्या संप्रदायाचा नियम त्यांना विचारा. नसेल तर ओल्या फडक्याने मणी पुसा, सावलीत वाळवा, देवापुढे ठेवा आणि घ्या. पाण्यात बुडवून ठेवू नका आणि साबण तर मुळीच नको, तुळशीचं लाकूड हलकं असतं, फुगतं आणि चिरतं. हवं तर तिळाच्या तेलाचा एक थेंब तळव्यावर चोळून मणी त्यात घोळवा. गोमुखी, म्हणजे माळेची कापडी पिशवी, असेल तर ती मात्र धुऊन, कडक इस्त्री मारून घ्या. पावसात सगळ्यात आधी तिलाच वास येतो.

आता 96 आणि 113.

पत्राचा हा भाग मी दोनदा वाचला आणि मग हसू आलं, रागावू नका. माळ 108 मण्यांची. मेरूपासून मेरूपर्यंत गेलात की 108 झाले. मग 96 आले कुठून? म्हणजे तुम्ही हाताने मणी ओढता, तोंडाने नाम घेता आणि मनात एक, दोन, तीन मोजताही आहात. तीन कामं एकदम! फोंड्याच्या बाजारात सुटे पैसे मोजताना कोणी हाक मारली तरी आकडा चुकतो, इथे तर साक्षात रामाला मध्ये उभं केलंय. मोजायचं काम मण्यांना दिलेलं आहे, ते त्यांनाच करू द्या. तुम्ही आकडा सोडा. अंगठ्याला मेरू लागेल, तो इतर मण्यांपेक्षा मोठा असतो, डोळे मिटलेले असले तरी कळतो. तिथे थांबायचं. मेरू ओलांडायचा नाही, माळ फिरवायची आणि आला होता त्याच वाटेने परतायचं. माळ मधल्या बोटावर लटकती ठेवायची, अंगठ्याने एकेक मणी आपल्याकडे ओढायचा, तर्जनी बाजूला. एका हाताने माळ उलटवणं पहिल्यांदा जमत नाही. डाव्या हाताची मदत घेतली तर काही बिघडत नाही, महिन्याभरात उजवा हात आपोआप शिकतो.

तरीही एखाद्या मण्यावर दोनदा नाम घेतलं जातं, एखादा मणी नामाशिवायच निसटतो. म्हणून तर 108 ओढून 100 धरायचे असा हिशेब आहे. वरचे आठ चुकांसाठी. जुन्या लोकांनी तुमची चूक आधीच वजा करून ठेवली आहे. 108 का, याची उत्तरं पुष्कळ देतात. बारा राशी गुणिले नऊ ग्रह म्हणतात, 27 नक्षत्रं गुणिले त्यांचे चार चरण म्हणतात. मला दुसरं आवडतं, कारण त्यात माळेची घडीही बसते. 108 ची अर्धी 54, तिची अर्धी 27. लहान माळ घेतली तर फेरे वाढवायचे, एवढंच. आमच्या आजीकडे 27 मण्यांची स्मरणी होती, चार फेरे झाले की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. चिंचोके मोजायचं काम आमचं, आणि आम्ही मुलं त्यातले एक-दोन मुद्दाम इकडचे तिकडे करायचो. आजीला कळायचं की नाही देव जाणे.

बोटात घालायचं बटणवालं यंत्रही मिळतं, मोबाइलवरही मोजता येतं. मोठ्या संकल्पात आकडा कळवायचा असतो तेव्हा ते सोयीचं. पण तुमच्याकडून कोणी आकडा मागितलेला नाही. दिवसभर ऑफिसात बोटं यंत्रावरच असतात ना? मग संध्याकाळी तरी लाकूड लागू दे बोटांना.

मांयच्या वहीकडे तुम्ही परीक्षेच्या निकालासारखं बघताय. मला त्या वहीतलं सगळ्यात जास्त काय आवडलं सांगू? 'अर्धी'. त्या दिवशी त्यांना बसवलं नसेल, दुखत असेल काही, 54 मण्यांवर हात थांबला आणि त्यांनी तेवढंच लिहिलं. न ओढताच आठ लिहिले असते तर कोण तपासायला येणार होतं? तुमच्या या मंत्रात तेरा अक्षरं. घाई न करता म्हटला तर एका वेळेला तीन सेकंद लागतात. माळेला साडेपाच मिनिटं, आठ माळांना पाऊण तास. स्वयंपाकघर सुनांच्या हाती दिलेल्या बाईचा तो पाऊण तास आहे. पणजीहून बसमधून उतरून भाताला आधण ठेवणाऱ्या बाईचा नाही. तुम्ही एक माळ करा.

यात मीही एकदा तोंडघशी पडले आहे. मुलगी दहावीला होती, मी 40 दिवस रोज 11 माळांचा नेम धरला. 40 दिवस पुरे केले, एक दिवस चुकवला नाही. आणि त्या 40 दिवसांत त्या पोरीवर जेवढी खेकसले तेवढी पुढे कधी नाही. बोटं माळेवर, डोळे तिच्या पुस्तकावर. "आई, तुझा जप कधी संपणार?" असं ती विचारायची ते मला भक्तीतलं विघ्न वाटायचं. नेम सुटला त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. तेव्हापासून मी एकच करते, कधी दोन.

मन बाजारात जातं म्हणालात. जाऊ दे, परत येताना मणी हातात असतो. अंगठ्याखाली मणी आहे आणि तोंडात नाम नाही असं लक्षात आलं की त्याच मण्यावर नाम घ्यायचं, मागे जायचं नाही, मागचे सुटले ते त्या आठांत गेले. अगदीच भटकत असेल तर ओठ हलवून, आपल्याच कानाला जेमतेम लागेल इतक्या आवाजात म्हणा. मोठ्याने म्हणण्याला वाचिक म्हणतात, ओठ हलतात पण शेजारच्याला ऐकू येत नाही तो उपांशु, आणि ओठही न हलवता तो मानसिक. मानसिकाला सगळ्यात वरचा मानतात खरं, पण सुरुवात करणाऱ्याचं मानसिक हां हां म्हणता स्वयंपाकाच्या यादीत शिरतं. तुम्ही काही दिवस उपांशुतच रहा. पागोळ्यांचा आवाज असतोच, तुमचं कोणाला ऐकू जाणार नाही.

बसमध्ये माळ काढू नका. गर्दीत, दांड्याला धरून, पर्स सांभाळत ते व्हायचं नाही, आणि पडली तर पुन्हा टॉर्च. तिथे हाताची पेरं आहेत. उजव्या हाताच्या अनामिकेच्या मधल्या पेरावर अंगठा ठेवा, तो एक. तिथून खाली अनामिकेचं बूड, दोन. करंगळीचं बूड, मधलं, टोक, झाले पाच. मग अनामिकेचं टोक, मधल्या बोटाचं टोक, तर्जनीचं टोक, आणि तर्जनीवरून खाली मधलं आणि बूड, झाले दहा. मधल्या बोटाची खालची दोन पेरं सुटली ना? तोच मेरू, त्यांना शिवायचं नाही. याला करमाळ म्हणतात. माझी एक मावशी फर्मागुडीला बसली की सुरू करायची आणि बाणस्तारीच्या पुलावर हात जोडून संपवायची. कंडक्टरला वाटायचं म्हातारी पैसे मोजते.

मासळीचं प्रकरण जरा सविस्तर बघायला हवं, कारण जाऊबाई तिथे दोन वेगळ्या माळांची गल्लत करताहेत. वारकरी गळ्यात तुळशीची माळ घालतात ती वेगळी. ती घालताना मांस-मद्य सोडायचं, एकादशी धरायची, पंढरीची वारी करायची, असं व्रत घेतलेलं असतं. म्हणून 'माळकरी' म्हटलं की ताटात काय वाढायचं नाही ते यजमानीण न विचारता ओळखते. ती माळ गळ्यात असताना बांगड्याचं हुमण, म्हणजे कालवण, जेवणं म्हणजे दिलेला शब्द मोडणं. तुमची माळ जपाची. ती गळ्यात नाही, डब्यात असते, अर्धा तास हातात येते. तिच्याबरोबर तसं व्रत कोणी दिलेलं नाही, मांयनी घेतलं असतं तर तुमच्या घरात सगळ्यांना ते माहीत असतं. त्या मासळी खात होत्या की नाही हे मी विचारणार नाही, तुम्हाला ठाऊक आहे, जाऊबाईंनाही ठाऊक आहे.

अर्ध्या गोव्याचा हा प्रश्न आहे. सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी, एकादशीला शिवराक, श्रावणात शिवराक, बाकीचे दिवस मासळी, असंच आपल्या बहुतेक घरांचं पंचांग. मंगेशीला पिढ्यान्‌पिढ्या जाणारी घरं याच पंचांगावर जगली. नाही तरी 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद असतात, आषाढीच्या सुमारास बाजारात मिळते ती मासळी परवडत नाही. तुमच्या घरीही पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या, सुक्या बांगड्यांवर चाललं असेल. मी करते ते सांगते. मासळी साफ केली, जेवले, तर हात लिंबाने धुते, तोंड धुते, साडी बदलते आणि मग माळ घेते. जमलं तर जप जेवणाआधी. वास राहिला आहे असं मलाच वाटलं तर त्या दिवशी पेरांवर करते. पुढेमागे तुम्हाला आतूनच मासळी नको झाली तर सोडा, पण जाऊबाईंना उत्तर म्हणून सोडू नका. तसली सोडलेली मासळी महिन्याभरात दुप्पट होऊन परत येते.

टॉर्च घेऊन आलेल्या आंटींना मात्र काहीतरी गोड करून पाठवा. त्यांना मणी शोधताना काही समजावून सांगावं लागलं नसणार. त्यांच्या ख्रिस्ती घरी संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतात, मे महिन्यात खुरसाकडे, म्हणजे क्रुसाकडे, लादाईन ही सामूहिक प्रार्थना असते तेव्हा तुम्हीही ऐकली असेल. 'तेर्स' हा पोर्तुगीज 'तेर्सू', म्हणजे तिसरा हिस्सा. जुन्या पूर्ण जपमाळेत मारीयेच्या प्रार्थना 150 असत, जुन्या करारातल्या 150 स्तोत्रांइतक्या. रोज घरी त्यातला तिसरा भाग म्हणायचा, पाच दशकं, म्हणजे दहा-दहाचे पाच गट, 50 प्रार्थना. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये आणखी पाच दशकांची भर घातली, त्यामुळे आता हिशेबाने तो तिसरा हिस्सा राहिला नाही, चौथा झाला, पण नाव तेर्सच. मुसलमानांच्या तसबीहला 99 मणी किंवा 33. एका दोऱ्याने एवढ्या घरांच्या संध्याकाळी धरून ठेवल्या आहेत. आणि तो कोणाकडेही तुटतो. आंटींना विचारून बघा, त्यांचा किती वेळा तुटला.

5,100 रुपयांची माळ: घेऊ नका. 'सिद्ध' हा शब्द स्वस्त झाला आहे म्हणून एक हिशेब देते. पुरश्चरण म्हणतात ते मंत्रात जितकी अक्षरं तितके लाख जप. तुमच्या तेरा अक्षरांना 13 लाख. माळेला 100 धरले तर 13,000 माळा. मांयच्या गतीने, रोज 8, म्हटलं तर 1,625 दिवस, जवळजवळ साडेचार वर्षं. त्या फोनवरच्या माणसाने प्रत्येक माळेमागे साडेचार वर्षं बसून काढली आणि 5,100 ला विकली असेल तर बिचारा भलताच तोट्यात आहे. नव्या माळेचे संस्कार असतात, पंचगव्याने धुणं, पूजा, ते तुमच्या घरच्या भटजींना दक्षिणा देऊन होतात. शिवाय तुळशीचं म्हणून जे विकतात ते तुळशीचं असेलच असं नाही. अंगणातल्या वृंदावनाकडे जा आणि तुळशीचं खोड किती जाड झालंय ते दोन बोटांत धरून बघा. सुपारीएवढे गुळगुळीत, सगळे एका मापाचे मणी त्यातून निघतील का? मांयचे मणी बारीक आहेत, थोडे वेडेवाकडे आहेत, बरोबर? तेच खरे. त्याच माणसाकडे एकमुखी रुद्राक्षही असेल आणि तो पाण्यात बुडवून दाखवेल. त्या परीक्षेला काही अर्थ नाही, जड लाकूडही बुडतं आणि वाळलेला खरा रुद्राक्षही तरंगतो.

विसर्जनही नको. मणी किडले, भुगा झाला, तर ते तुळशीच्या मुळात घाला. धडधाकट 103 मणी नदीत का सोडायचे?

राहिले पाच. पाऊस ओसरला की पायऱ्यांच्या फटीत आणि पागोळ्या पडून अंगणात जी चर पडते तिच्यात बघा, लाकडी मणी हलके असतात, पाण्याबरोबर खालच्या कडेला जातात. नाही मिळाले तर पाच नवे. ते फिकट दिसतील, मधूनच दात पडून नवे आल्यासारखे. हाताच्या तेलाने काळवंडायला दोन-तीन वर्षं लागतील, लागू देत.

ओवताना दोरा जाड सुती घ्या, 108 मण्यांना तीन मीटर तरी, उरला तर गोंड्याला लागतो. दोऱ्याला मेणबत्तीचं मेण चोळा, ओल कमी धरतो. प्रत्येक मण्यानंतर गाठ, आणि गाठ आवळायच्या आधी तिच्यात टाचणी घालून ती मण्याला भिडेपर्यंत सरकवायची, नाहीतर गाठ भलतीकडेच बसते. मांयच्या माळेला गाठी नसाव्यात, म्हणून दोरा तुटल्यावर सगळे मणी एकदम धावले. गाठी असत्या तर एखाद-दुसराच पडला असता. माळ अगदी ताठ ओढून बांधू नका, मणी थोडा हलला पाहिजे. शेवटी दोन्ही टोकं मेरूमधून एकत्र काढायची, वर गाठ, वर गोंडा.

हे वाचताना तुमच्या लक्षात आलं असेल की हे काम तुमचं नाही. 108 गाठी, एकसारख्या, एकीला एक लागून. अबोलीची फाती वळतात त्या बोटांचं हे काम आहे. फाती वळायची म्हणजे देठ न मोडता, केळीच्या ओल्या दोराने, फुलाशेजारी फूल. तुमच्या घरात ते कोणाला येतं ते तुम्हीच लिहिलं आहे.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. डब्यातून माळ घेतलीत तेव्हा थोरल्या जाऊबाईंना विचारलं होतंत का? मांय त्यांच्याही होत्या, तुमच्या आधीपासून होत्या. "मांयचं मन त्यात अडकलंय" असं त्या म्हणाल्या, त्यात मला मांयपेक्षा जाऊबाईंचंच मन जास्त ऐकू येतं. चुकत असेन तर सोडून द्या. पण चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, साफसफाईला लागण्याआधी एका दुपारी ते मणी वाटीत घालून, दोरा, सुई, मेणबत्ती घेऊन त्यांच्या चुलीकडे जा. शुद्ध-अशुद्धाचं काढू नका, एकादशीचंही काढू नका. "वयनी, मला गाठी मारायला जमत नाही" एवढंच म्हणा, ते खरंच आहे. एकच 108 ची ओवायची की पाच नवे मणी आणि एक नवा मेरू घालून 54 च्या दोन, ते त्यांनाच ठरवू द्या. 54 ची मिळाली तर दोन फेऱ्यांची एक माळ, हिशेब तोच. वहीही बरोबर न्या आणि ते 'अर्धी' लिहिलेलं पान त्यांना दाखवा, त्यांनी ते पाहिलं नसेल.